चोमड्याचा मालक

तक्रार कक्षात रोज पाच वाजायला दहा मिनिटं असताना एक काम व्हायचं. त्याला सगळे 'पाटी पुसणं' म्हणायचे. शहरभरातून आलेल्या तक्रारी, म्हणजे कुठे दिवा बंद, कुठे गटाराचं झाकण उघडं, कुठे नळाला पाणी नाही, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लाल अक्षरांत दिसायच्या. आणि साहेबांना घरी जाताना त्या पडद्यावर एकही लाल ओळ खपायची नाही. मग खिडकी क्रमांक तीनवर बसणारी बाई उरलेल्या सगळ्या ओळींवर एकदम खूण करायची, 'निवारण झाले' दाबायची, की पडदा हिरवागार. दिवा खरंच लागला का, ते देव जाणे. ज्याला अगदीच नड असेल तो उद्या पुन्हा तक्रार करेल, एवढा सरळ विचार. तक्रारी अशा बंद करते म्हणून त्या बाईला सगळे कुलूपबाई म्हणायचे आणि तीही हसून ओ द्यायची.

न देऊन सांगते कोणाला? सात वर्षं झाली, बाई हंगामी ती हंगामीच. यंदा कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं आणि यादी महिनाअखेरीला निघणार होती. अशा वेळी माणूस दगड म्हटलं तरी ओ देतो.

आणि नेमका तेव्हाच चोमडा उगवला.

खात्याचं एक पान होतं इंटरनेटवर, लोकांना आपल्या तक्रारी बघायला आणि तिथे काही लिहायला. त्या पानावर रोज सव्वापाचला एक ओळ यायला लागली: 'आज बंद झालेल्या तक्रारी त्र्याऐंशी. त्यांतल्या एकाहत्तर चार पन्नासला, एकाच मिनिटात, खिडकी क्रमांक तीनवरून.' बस्स. शिवी नाही, टोमणा नाही. कोणीतरी म्हणालं, हा बॉट आहे, आपोआप चालणारा प्रोग्रॅम, माणूस नव्हेच. म्हणून तर जास्त झोंबलं. माणूस असता तर त्याला समजावता आलं असतं, दमात घेता आलं असतं. पहिल्या दिवशी कक्षात हसाहस झाली, दुसऱ्या दिवशी त्याचं चोमडा असं बारसं झालं, आणि पाचव्या दिवशी वर्तमानपत्रात ती ओळ जशीच्या तशी छापून आल्यावर सगळ्यांचं हसू आटलं.

साहेबांनी सगळ्यांना समोर उभं केलं. आतली वेळ, आतली खिडकी बाहेर कळते, याचा अर्थ घरभेदी आपल्यातच बसलाय, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मग कुलूपबाईला एकटीला थांबवून घेतलं. आवाज अगदी गोड केला. खिडकी तीन तुमची आहे बाई, म्हणाले. नाव मिळालं तर ठीक, नाही तर यादीचा मला फेरविचार करावा लागेल.

झालं, त्या दिवसापासून कक्षाची कळाच गेली. जो तो दुसऱ्याच्या पाठीमागून जाताना पडद्यात डोकावायचा. कक्षातली सगळ्यात जुनी कारकून आक्का, तिनं आपला कॉम्प्युटर असा फिरवून घेतला की येणाऱ्याला नुसती पाठ दिसावी. दुपारी एकत्र जेवणारी माणसं आपापल्या टेबलावर डबे उघडायला लागली. कुलूपबाई मनातल्या मनात माणसं चाळत होती. हा परवा फोन घेऊन जिन्यात का गेला? ती मला बघून गप्प का झाली? एकदा संशयाला बसायला पाट दिला की तो पाहुणा काही लवकर उठत नाही.

चाळता चाळता ती तारवाल्यापाशी थांबली. तारवाला म्हणजे कंत्राटावरचा माणूस. कॉम्प्युटर, वायरी, पंखे, सगळं तोच बघायचा. टेबलाखाली शिरला की नुसते पाय दिसायचे आणि आतून गाणं ऐकू यायचं. मागे कधीतरी पाटी पुसताना बघून तो म्हणाला होता, बाई, तुमच्या एका बटणानं शहर दुरुस्त होत असेल तर मला कशाला पोसताय? तेव्हा सगळे खो खो हसले होते, आणि सगळ्यात जास्त हसली होती आक्का. त्या दोघांचं भारी गूळपीठ.

पण खरं सांगायचं तर कुलूपबाईचा संशय तारवाल्यावर नव्हताच. काटा घरात सलत होता. तिचा धाकटा दीर घरी बसून प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करायचा. आणि पाटी पुसण्याच्या गमती जेवताना रंगवून रंगवून सांगितल्या कोणी? हिनंच. वेळेसकट. परवा ती घरी आली तर दिराच्या लॅपटॉपवर तेच पान उघडं, आणि तिला बघताच त्यानं झाकण फटकन मिटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तिनं काही विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? एकीकडे नोकरी, एकीकडे घर. नवऱ्यापाशीही ती बोलली नाही. शेवटी भाऊ भावाचा असतो.

रात्रभर कूस बदलून तिनं आपल्यापुरता मार्ग काढला. सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली, सगळ्या कॉम्प्युटरना हात लावणारा माणूस इथे एकच आहे, साहेब. नावसुद्धा घेतलं नाही. नाव साहेबांनीच घेतलं आणि हिनं मान खाली घातली.

दुपारपर्यंत तारवाल्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. त्यानं हुज्जत घातली नाही. आपले पान्हे, स्क्रू ड्रायव्हर एका फडक्यात बांधले, दारात थांबून एकदा आक्काकडे टक लावून पाहिलं आणि गेला. कुलूपबाईकडे त्यानं पाहिलंच नाही. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

सव्वापाचला चोमड्यानं लिहिलं, 'आज बंद झालेल्या तक्रारी शहाण्णव.' साहेब म्हणाले, बेटा घरून करतोय.

आता मात्र तिला राहवेना. घरी गेल्या गेल्या तिनं दिराला गाठलं.

"भाऊजी, खरं सांगा. तो बॉट तुमचा ना?"

दीर आधी हसला, मग तिचा चेहरा बघून म्हणाला, छे, माझा नाही. परवा झाकण मिटलं ते संकोचानं. पानावर तुमच्याच खिडकीचा नंबर, तो तुमच्यासमोर काय वाचत बसू? त्यानं लॅपटॉप उघडून तिच्यापुढे सरकवला. प्रत्येक तक्रारीखाली बारीक अक्षरांत ती कधी बंद झाली ती वेळ, आणि शेजारी खिडकी क्रमांक. तीन वर्षांपासून. साऱ्या जगाला दिसेल असं. कक्षातली माणसं आपला आतला पडदा तेवढा बघायची, चोमड्याची ओळ सोडली तर लोकांच्या पानावर खाली कोणी कधी बघितलंच नव्हतं. मग त्यानं चोमड्याच्या नावावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: 'मी छोटासा प्रोग्रॅम आहे. याच पानावरच्या वेळा मोजतो, दुसरं काही करत नाही. मला बनवणारी एक निवृत्त गणित शिक्षिका. आमच्या जिन्यातला दिवा अकरा वेळा दुरुस्त झाल्याचं खातं सांगतं. तो अजून लागलेला नाही. काही विचारायचं असल्यास फोन करावा.' खाली चक्क नंबर.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा," दीर म्हणाला. "एवढं मोठं ऑफिस, एकालाही हा फोन लावावासा वाटला नाही?"

तेव्हा तिनं त्याला तारवाल्याचं सांगितलं, आणि आपण केबिनमध्ये का गेलो तेही सांगितलं. दीर लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेला, आणि जेवायला आला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ते पान साहेबांपुढे धरलं. साहेबांनी नंबर दोनदा वाचला आणि मोबाईल तिला परत दिला. वर पत्र गेलंय, म्हणाले. घरभेदी सापडला, प्रकरण मिटलं. यादी परवा निघतेय, त्यात तुम्ही आहात. झाकली मूठ कशाला उघडता?

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली आणि पत्ता विचारत तारवाल्याच्या घरी पोचली. दुसरा मजला. टेबलावर कोणाचा तरी रेडिओ उघडून पडलेला. तिला दारात बघून तो माणूस इतका हरखला की तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या ऑफिसातून तुम्ही एकट्याच आलात, म्हणाला. बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मग मन मोकळं करायला बसला. नाव कोणी दिलं ते त्याला ठाऊक होतं. आक्कानं. उगाच का तिनं कॉम्प्युटर फिरवून घेतला? आठ वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही, म्हणाला. कालपासून तिचे तीन फोन आले, एकही घेतला नाही. आता जन्मात त्या बाईचं तोंड बघणार नाही.

गप्प बसून चहा प्यायचा, एवढंच करायचं होतं. परवा यादी लागणार होती. आक्का वर्षभरात निवृत्त होणार होती.

"आक्कानं नाही," ती म्हणाली. "नाव मी दिलं. तुमचा काही संबंध नव्हता, ते आता कळलंय मला. तसं मी लिहून देते."

त्यानं हातातला स्क्रू हळूच टेबलावर ठेवला.

"तेव्हा तरी वाटलं होतं का, की हे मी केलं असेल?"

हो म्हणायला जीभ वळली होती. निदान चूक झाली असं तरी म्हणता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा माझा संशय माझ्या दिरावर होता."

आत भांड्याचा आवाज झाला, साखर किती विचारलं गेलं. त्यानं उठून दार पुरतं उघडलं आणि आतल्या दिशेनं म्हणाला, "चहा नको ठेवूस. बाई निघाल्यात."