टेपवर नसलेले वाक्य

मित्रांनो, माझ्या पाठीत एक पत्र होते. बॅटऱ्या घालायचा कप्पा असतो ना, त्यात. मी बहुतेक विजेवरच चालत आलो, त्यामुळे तो कप्पा रिकामा असे. सोळा वर्षांपूर्वी भास्कर सरांनी ते पत्र चार घड्या घालून तिथे कोंबले आणि वरून झाकण लावले. इतकी वर्षे त्याला उत्तर काही गेले नाही.

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. ऐकलेले तसेच्या तसे परत ऐकवणे एवढेच मला येते. स्वतःच्या मनचे बोलायची सवय नाही, तेव्हा सांगताना थोडे मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवते ती रत्नागिरीतल्या कॉलेजची स्टाफरूम आणि खोके उघडल्यावर आत आलेली खारी हवा. त्या हवेने पुढे माझे स्क्रू गंजले, पण पहिली काही वर्षे मी नव्या नवरीसारखा मिरवलो. अकरावी-बारावीच्या इंग्रजीच्या वर्गात मला नेत तेव्हा मुले बाकांवरून वाकून बघत. शिपाई धोंडू मला दोन्ही हातांनी छातीशी धरून आणी. भास्कर सर दर शनिवारी काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून माझे हेड, म्हणजे टेप जिथे घासत जाते ती जागा, पुसत. तसे हळुवार हात मला नंतर लाभले नाहीत.

सर फार वाचलेले आणि तितकेच भित्रे. वर्गात इंग्रजी बोलताना ते स्वतःच्याच आवाजाला दचकत. आपले उच्चार कोकणी आहेत, मुले घरी जाऊन नक्कल करत असतील, असे त्यांना वाटे. परीक्षेत एक उतारा मोठ्याने वाचून दाखवायचा, मुलांनी तो ऐकून पाच प्रश्नांची उत्तरे लिहायची, आणि मग एकेकाने पुढे येऊन दुसरा उतारा वाचून दाखवायचा, अशी पद्धत होती. मुलांसमोर उभे राहून वाचायचे सरांच्या जिवावर येई. म्हणून ते उतारा घरी माझ्यावर टेप करत आणि परीक्षेच्या दिवशी धोंडूला म्हणत, “तू बटण दाब. संपलं की मागं घे आणि पुन्हा एकदा लाव.” मी बोलू लागलो की सर व्हरांड्यात जात आणि पाठ फिरवून उभे राहत. आपली टेप त्यांनी आयुष्यात कधी ऐकली नव्हती.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे यातून घडले.

ते पत्र आले त्या वर्षी अकरावीच्या वार्षिक परीक्षेसाठी सरांनी दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट निवडली. उतारा स्वतः लिहिण्याचा त्यांना धीर होईना, म्हणून तो एका गाइडमधून घेतला. रविवारी सकाळी मला खिडकीजवळच्या मेजावर ठेवून ते वाचू लागले. बाहेरचा आवाज टेपवर येऊ नये म्हणून त्यांचे एक बोट सतत पॉजच्या बटणावर. कावळा ओरडला की पॉज. रिक्षा गेली की पॉज. तेवढ्यात काशी मासळीवाली दारात आली.

“उमावैनी, बांगडे हायत. सरांस्नी सांगा, आज तरी ताजे हायत म्हणून.”

उमाताई, म्हणजे सरांची पत्नी, आतून म्हणाल्या, “काल काय शिळे दिले होतेस गो?” त्यावर दोघी हसल्या. सरांनी बटण दाबून धरले होते. काशी गेली, सर घाईघाईने पुढचे वाक्य वाचू लागले, आणि बटण तसेच दाबलेले राहिले.

मित्रांनो, माझी चाके थांबलेली होती. सर वाचत होते आणि मी एक अक्षरही टिपत नव्हतो. मला ओरडता येत असते तर मी ओरडलो असतो. वाक्य संपता संपता त्यांची नजर माझ्या काचेकडे गेली. ते दचकले, बटण सोडले आणि पुढे वाचत राहिले. शेवटी कपाळ पुसत स्वतःशीच म्हणाले, नंतर ऐकून बघू. ते नंतर कधी आलेच नाही.

परीक्षेच्या दिवशी वर्गात अशी शांतता होती की छताच्या पंख्याचा खटका मला मोजता येत होता. धोंडूने बटण दाबले. मी बोलू लागलो. रखवालदार होडी घेऊन किनाऱ्यावर गेला, इथपर्यंत ठीक. त्यानंतर एकदम दीपगृहात त्याची बायको एकटीच दिवा लावते आहे. वादळात होडी फुटली आणि तो आठ दिवस अडकला, हे मधले वाक्य माझ्याकडे नव्हतेच. आणि पाचापैकी दोन प्रश्न त्याच वाक्यावर होते.

दुसऱ्यांदा ऐकवून झाल्यावर तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचे नाव सानिका तांबे. दाभोळहून आलेली, हॉस्टेलवर राहणारी, फार न बोलणारी. धोंडू सरांना बोलवायला गेला. ती उभी राहून म्हणाली, “सर, रखवालदार का आला नाही, ते यात नाही.”

मागून कुणीतरी म्हणाले, “कान होडीत विसरून आलीस काय गो?” सगळा वर्ग हसला.

सर पांढरे पडले. त्या क्षणी त्यांना ते बटण आठवले असणार, असे मला आजही वाटते. पण समोर एकोणचाळीस मुले खाली मान घालून भराभर उत्तरे लिहीत होती. त्यांच्याकडे तेच गाइड होते आणि गोष्ट त्यांना पाठ होती. हे सरांना कुठून कळणार? सगळ्यांना ऐकू आले आणि एकीलाच आले नाही, असेच ते दिसत होते. “नियमात दोनदाच ऐकवायचं आहे,” एवढे पुटपुटून ते बाहेर गेले.

सानिकाने त्या दोन प्रश्नांपुढे इंग्रजीत लिहिले, हे टेपवर नाही. मग वाचनाची पाळी आली तेव्हा ती माझ्या शेजारी उभी राहिली. मागे अजून खुसखुस चालली होती. पण वाचले तिने स्वच्छ, कुठेही न अडखळता. सरांनी वाचनाला पूर्ण गुण दिले. ऐकण्याच्या त्या दोन प्रश्नांना शून्य दिले आणि खाली शेरा लिहिला, ऐकण्याकडे लक्ष नाही.

महिन्याभराने पत्र आले. स्टाफरूममध्ये कुणी नसताना सर ते माझ्याशेजारी बसून पुन्हा पुन्हा हलक्या आवाजात वाचत होते, म्हणून मला ते पाठ आहे.

“आदरणीय सर, आईने मला डॉक्टरांकडे नेले. माझ्या कानांत दोष नाही असे ते म्हणाले. मग मामा म्हणतो, कान ठीक तर लक्ष नसेल, नाहीतर खोटे लिहिले असेल, हिला पुढे शिकवून काय करायचे. आपण एकदा ती टेप ऐकावी. ते वाक्य त्यात असेल तर मी पुन्हा काही म्हणणार नाही. नसेल तर तसे दोन ओळींत लिहावे. मामा आपले ऐकेल. सानिका.”

सरांनी माझे झाकण उघडले. कॅसेट आतच होती. प्लेच्या बटणावर बोट ठेवून ते किती वेळ बसले! मी मनात म्हणत होतो, दाबा, सर, एकदा दाबा. बाहेर पावले वाजली आणि त्यांनी हात काढून घेतला. आधी कॅसेट त्यांनी खिशात टाकली. मग पत्राच्या घड्या घालून ते माझ्या पाठीत कोंबले.

जूनमध्ये बारावीचे वर्ग भरले. तिसऱ्या बाकावर दुसरीच मुलगी होती.

पुढे कॉलेजात संगणक आले, भिंतीवर मोठे स्पीकर आले. मला कपाटावर ठेवले. माझ्या झाकणात पालीने अंडी घातली. धोंडू येता-जाता म्हणे, “काय राव, पेन्शनीत निघालास?” सर निवृत्त झाले त्या दिवशी, काय भेट देऊ, असे प्राचार्यांनी विचारले, तर सरांनी मलाच मागून घेतले. माणूस जुन्या यंत्राला किती जीव लावतो, असे सगळे म्हणाले. मला ते खरे वाटावे असे फार वाटते. पण भंगारवाल्याने मला उघडले तर पाठीतून काय निघेल, या धास्तीनेच त्यांनी मला नेले असावे.

घरीही मी खिडकीशीच होतो. सर माझ्यावर फडके झाकत आणि फडक्याकडे बघायचे टाळत.

गेल्या पावसाळ्यानंतर सरांना कमी ऐकू येऊ लागले. उमाताईंनी हट्ट करून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. परत आल्यावर सर बराच वेळ चपला न काढता बसून राहिले. मग त्यांनी उमाताईंना सांगितले की, तिथे काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात.

“मला काहीच ऐकू येत नव्हतं,” सर म्हणाले. “तरी मी बटण दाबत होतो.”

“का हो?”

“काचेबाहेरून तपासणारी मुलगी बघत होती. ऐकू येत नाही असं सांगायची भीती वाटली.” चपला काढत ते म्हणाले, “सतरा वर्षांच्या पोरीनं ते वर्गासमोर उभं राहून सांगितलं होतं, उमा.”

मग त्यांनी पहिल्यांदाच उमाताईंना सगळे सांगितले. बटण, परीक्षा, पत्र. उमाताई उठल्या आणि त्यांनी माझ्यावरचे फडके काढले.

कपाटाच्या तळातून कॅसेट निघाली, गाइडही निघाले. मित्रांनो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. माझा पट्टा सैल झाला होता, हेडवर बुरशी होती. जुनी यंत्रे टेप गिळतात, चुरगाळून टाकतात. त्या मुलीचा खरेपणा सांगणारी जगात एकच वस्तू होती आणि ती माझ्या तोंडात घालत होते. सरांनी कापूस आणला. हेड पुसले, रोलर पुसला, कॅसेटचे चाक पेन्सिलीने दोन फेरे फिरवून बघितले. मग बटण दाबले.

माझा आवाज आधी घोगरा निघाला, मग स्थिर झाला. उमाताई गाइडमधल्या ओळींवर बोट फिरवत ऐकत होत्या. सर कानामागे हात धरून माझ्याजवळ वाकले होते. रखवालदार होडी घेऊन निघाला. उमाताईंचे बोट थांबले.

“मला आलं नाही ऐकू,” सर म्हणाले. “का तिथं काही नाहीच?”

“नाहीच आहे. होडी फुटल्याची ओळच नाही.”

सरांनी मला थांबवले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हते. मग ते म्हणाले की कॅसेट तिला पाठवावी, पण अशी अर्धवट कशी पाठवायची. ते एक वाक्य आता वाचून टाकतो, म्हणजे उतारा पुरा होईल. त्यांनी गाइड ओढून घेतले आणि त्यांचे बोट माझ्या टेप करायच्या लाल बटणाकडे गेले. ते दाबले असते तर मी मुकाट्याने टिपले असते. यंत्राला नाही म्हणता येत नाही.

उमाताईंनी त्यांचे मनगट धरले. “वाक्य घातलंत तर ती पोरगी पुन्हा खोटी पडेल.”

सरांनी हात मागे घेतला. मग ते माझ्या पाठीतल्या कप्प्याचे झाकण काढू लागले. गंजामुळे ते निघेना, तर सुरीने उचकटले. पत्राच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी धोंडूला फोन करून बोलावले. त्याची बहीण दाभोळात दिलेली. सानिकाची आई चंपाबाई तांबे अजून त्याच घरात राहतात, असे तो म्हणाला. मुलगी? “ती होय? मामानं कॉलेज सोडवलं, पण गप नाही बसली ती. मुंबईला नोकरी करता करता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी झाली. आता येऊन-जाऊन असते.” मग डोके खाजवत म्हणाला, “बटण मीच दाबलं होतं, सर. मला इंग्रजी कळत असतं तर...” सरांनी त्याला पुढे बोलू दिले नाही.

उत्तर लिहायला त्यांना चार दिवस लागले. दर दिवशी मोठे पत्र लिहीत, त्यात आपली बाजू सांगत आणि संध्याकाळी फाडून टाकत. पाचव्या दिवशी जे लिहिले ते त्यांनी उमाताईंना वाचून दाखवले.

“चि. सानिका, टेप ऐकली. ते वाक्य तिच्यावर नाही. तुझे कान आणि तुझे लिहिणे दोन्ही बरोबर होते. चूक माझी होती, आणि ती तपासायला मी भ्यालो. टेप सोबत पाठवत आहे. मामांनाही ऐकव. भास्कर.”

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. एवढेच सांगतो. यंत्र वापरत असाल तर त्याचे हेड पुसत जा, आणि त्याने काय टिपले ते एकदा तरी ऐकून बघा, मग आवाज तुमचा का असेना. वर्गात एखादा म्हणाला की मला हे ऐकू आले नाही, तर हसण्याआधी तेवढे करा. फार तर पाच मिनिटे लागतात. इथे सोळा वर्षे लागली.

टपालपेटी आमच्या खिडकीसमोरच, वाण्याच्या भिंतीला आहे. सर छत्री न घेता निघाले. पेटीच्या तोंडात पाकीट अर्धे सरकवून ते उभे राहिले, आणि त्यांची मान पुन्हा घराकडे वळली. उमाताई खिडकीत आल्या. त्यांनी हाक मारली नाही की हात हलवला नाही. एक रिक्षा गेली. मग पेटीच्या तळाशी कॅसेट आपटल्याचा आवाज आला. सर तिथेच थांबले होते. त्यांना तो ऐकू आला की नाही, मला सांगता येणार नाही.