सभापतींचा आवाज

उत्तर कोलकात्यातल्या आमच्या नकुल आढ्य गल्लीत प्रत्येक घराला रस्त्याच्या बाजूने सिमेंटचा एक ओटा आहे. त्यांतला सर्वांत रुंद ओटा आमच्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली येतो आणि पालिकेचा दिवाही नेमका त्याच्याच डोक्यावर आहे. रुंदी आणि उजेड यांचा एकत्रित परिणाम असा, की नवयुवक व्यायाम समितीचा कॅरम बोर्ड रोज रात्रीच्या जेवणानंतर आमच्या उशाशी मांडला जातो. समितीच्या नावातल्या व्यायामाचा पुरावा म्हणून एकच वस्तू दाखवता येईल: कार्यालयाचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेले लोखंडी डंबेल.

कॅरम हे अर्थात निमित्त. खरा खेळ गप्पांचा असतो. फुटबॉल, वांग्याचे भाव, विश्वाचा आरंभ असे विषय एकाच बैठकीत येतात आणि कोणताही विषय निकाली न निघाल्याने सारे दुसऱ्या रात्री पुन्हा येतात.

माझी पत्नी काजरी सकाळच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. उजाडायच्या आत तिला घर सोडावे लागते. दुर्गापूजेच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात ती शाळेतून परतली, पर्स पलंगावर टाकली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "फळ्यावर बेडकाचं यकृत काढत होते. काढता काढता फळ्याला कपाळ टेकलं आणि डोळा लागला. आणि मुली काय करतात, तर गप्प बसून राहतात. बाईंची झोप मोडू नये म्हणून! नववीच्या मुली! त्यांना माझी कीव येते."

"यकृत पुरं झालं होतं का?"

"चेष्टा नकोय. दादाचा न्यू टाउनमधला फ्लॅट रिकामा पडलाय. अकराव्या मजल्यावर. भाईफोट्याला तो येईल तेव्हा किल्ली घेऊन येईल. सुट्टी संपायच्या आत इथे रात्री झोप लागायला लागली तर ठीक, नाहीतर मी चालले. तू ये, नाहीतर नको येऊ."

"तिथून शाळा केवढी लांब पडेल!"

"बसमध्ये झोपेन."

मी नोकरीची सगळी वर्षे हुगळीकाठच्या ज्यूट गिरण्यांमधला आवाज मोजण्यात घालवली. त्या आवाजापुढे कॅरमची सोंगटी काहीच नव्हे, हे मी तिला आकडे देऊन सांगितले. विधान अचूक होते. ते ज्यूट गिरणीत झोपणाऱ्या व्यक्तीला सांगायला हवे होते.

मला जायचे नव्हते. याची कारणे मी भावनेच्या भाषेत देणार नाही. मासळीबाजार चालण्याच्या अंतरावर आहे. कोपऱ्यावरचा चहावाला माझा चेहरा बघून साखर किती घालायची ते ठरवतो. आणि माझ्याशी वाद घालण्यास तत्पर असलेली इतकी माणसे अन्यत्र एके ठिकाणी सापडण्याची शक्यता नगण्य आहे.

प्रथम सौम्य उपाय झाले. काजरी कानांत कापसाचे बोळे घालून वर हिवाळ्यातली माकडटोपी चढवू लागली. त्यामुळे आवाज थोडा घटला आणि घाम पुष्कळ वाढला. वरच्या मजल्यावरच्या काकीमांनी खिडकीच्या गजाला बांधायला मंतरलेला धागा दिला. एखादी गोष्ट न तपासता नाकारणे हाही अंधविश्वासच, म्हणून मी तो एक रात्र बांधून आणि एक रात्र सोडून पाहिला. बांधलेल्या रात्री आवाज किंचित अधिक होता, कारण धागा कसला असावा यावर खाली चर्चा झाली. शेवटी मी पोलीस ठाण्यात फोन करून नाव न सांगता तक्रार नोंदवली.

दुर्गापूजा आणि कोजागिरीची लक्ष्मीपूजा पार पडल्या आणि व्यायाम समितीचे विजयेचे, म्हणजे दसऱ्यानंतरच्या भेटीगाठींचे, स्नेहसंमेलन आले. समितीचा सचिव हाबुल, ज्याचे गल्लीत विजेच्या सामानाचे दुकान आहे, माझ्या हातात मिठाईची बशी देत म्हणाला, "प्रतीमदा, यंदा सभापती तुम्ही. नाही म्हणायचं नाही."

"मी? अरे, मी तुमच्या विरोधात आहे. तोंडावर सांगत आलोय."

"म्हणून तर! गेल्या वर्षी भोलाबाबू पूजेच्या मांडवाच्या खांबावरून भांडत होते, त्यांना केलं. वर्षभर ब्र काढला नाही. आपल्या आळीची रीतच आहे, ज्याचं दुखतं त्याला खुर्ची."

"आणि हार माझ्याकडून," पिकलू म्हणाला. पिकलू बँकेत कारकून आहे, कॅरममध्ये गल्लीत त्याला जोड नाही आणि प्रत्येक सोंगटी खड्ड्यात पडली की तो तिच्या नावाने ओरडतो.

अधिकार हाती आला तर त्याचा उपयोग करता येईल, असा हिशेब करून मी हार घालून घेतला. दुसऱ्याच दिवशी ठाण्यातून फोन आला.

"सभापती महाशय का? तुमच्या क्लबाविरुद्ध तक्रार आहे. रात्री फार गोंगाट करता म्हणे. नाव दिलेलं नाही. तुमच्या गल्लीत कोणी खवट म्हातारा राहतो का?"

"राहतो," मी म्हणालो.

"मग त्याला जरा समजवा. आणि आवाजाचंही बघा."

"दोन्ही बघतो."

मी तातडीने ध्वनिनियंत्रण उपसमिती नेमली. बैठक दिवसा, कार्यालयात घ्यावी असे माझे मत होते. परंतु दिवसा हाबुल दुकानात, पिकलू बँकेत आणि उरलेले कुठे ना कुठे. सर्वांना सोयीची अशी एकच वेळ निघाली, रात्रीच्या जेवणानंतरची, आणि सर्वांना मान्य अशी एकच जागा. ध्वनिनियंत्रण उपसमिती आमच्या खिडकीखाली बसू लागली.

तिला लाभलेला प्रतिसाद समितीच्या इतिहासात अभूतपूर्व होता. शेजारच्या गल्लीतूनही माणसे येऊ लागली. बोर्डाच्या कडांना रबर लावल्यास खेळाची अब्रू राहते का, मोबाइलवरच्या फुटबॉल सामन्यात गोल झाल्यावर दबक्या आवाजात आनंद व्यक्त करणे मानवी देहाला शक्य आहे का, हे प्रश्न तपशिलाने हाताळले गेले. आवाज मोजण्याची डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही, दहा अंक वाढले की तीव्रता दहापट होते, हे मी समजावून दिले; कित्येकांना ते अमान्य असल्याने पुन्हा समजावून दिले. गल्लीच्या तोंडाशी एक बंद पडलेला छापखाना आहे. त्याला प्रशस्त ओटा आहे, आणि एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला गोदाम असल्याने तिथे रात्री कोणी झोपत नाही. बैठका तिथे हलवाव्यात असा ठराव मी मांडला. तो एकमताने संमत झाला. अंमलबजावणी कशी करावी याचा विचार करण्यासाठी दुसऱ्या रात्री सर्व जण आमच्या खिडकीखाली जमले.

काजरी एक रात्र न्यू टाउनला राहून आली. अशा प्रसंगी परतलेली माणसे तिथली शांतता खायला उठली, असे सांगतात, आणि माझी मदार त्यावरच होती.

"दगडासारखी झोपले," ती म्हणाली. तिचा चेहरा खरोखर ताजा दिसत होता. "पडल्या पडल्या."

"एकटं एकटं नाही वाटलं?"

"झोपलेल्या माणसाला कसलं एकटं वाटणार?"

दिवाळीतली कालीपूजा तोंडावर आली होती आणि तिच्यामागोमाग भाईफोटा, म्हणजे आमची भाऊबीज.

मग मी जे आरंभीच करायला हवे होते ते केले. गिरण्यांच्या काळातले माझे ध्वनिमापक यंत्र खिडकीच्या गजाला टांगले आणि एका रात्रीची नोंद घेतली. दुपारी हाबुलच्या दुकानात, पंखे आणि तारांच्या भेंडोळ्यांमध्ये, आम्ही तिचा आलेख संगणकावर उघडला. बँकेला सुट्टी असल्याने पिकलूही होता.

"या बारीक सुया म्हणजे कॅरम," मी म्हणालो. "टोकदार, पण क्षणिक. झोपेला यांचा फारसा उपद्रव नाही. हा उंचवटा गोलचा."

"तो तर टेकाडाएवढाच आहे," पिकलू म्हणाला. "उगाच आम्हाला बोलता. पण दादा, त्याच्यापुढे हा डोंगर कुणाचा? संपतच नाहीये."

यंत्र आवाजही साठवते. मी त्या जागेवरचा आवाज लावला. "तर मंडळी," दुकानभर खणखणीत स्वर घुमला, "आपली मूळ समस्या अशी आहे, की आपल्याला आपला आवाज ऐकू येत नाही..."

पिकलूने काउंटरवर डोके ठेवले. त्याचे खांदे हलत होते. हाबुलने मात्र गंभीरपणे विचारले, "दादा, यंत्र कुणाचं?"

"माझं."

"बिनचूक आहे ना?"

"मीच तपासलंय."

"मग विषयच संपला," हाबुल म्हणाला. "काजरीबौदीला माझ्याकडून सांगा, आम्ही पोरं निर्दोष. घरचाच माणूस आवरा."

निष्कर्ष अप्रिय असला तरी नोंद स्पष्ट होती, आणि तिच्यातून आणखी एक गोष्ट निघत होती. माणसे आजवर रुंदीसाठी आणि दिव्यासाठी जमत असतील. आता ती विरोधासाठी जमत होती. पटत नसलेले विधान जिथे उभे असेल तिथे ती जाणार. तेव्हा ओटा हलवण्याची आवश्यकता नव्हती. विधान हलवणे पुरेसे होते.

विधानाची निवड मी काळजीपूर्वक केली. प्रयोगाने लगेच सुटणारा वाद शांततेच्या दृष्टीने निरुपयोगी. त्या संध्याकाळी मी स्टूल घेऊन छापखान्याच्या ओट्यावर एकटाच बसलो, चहावाल्याला बोलावले आणि चहा घेता घेता म्हणालो, "डोळे बांधून खायला दिला, तर पद्मेचा इलिश मासा कुठला आणि गंगेचा कुठला, हे कोणालाही सांगता येणार नाही."

चहावाल्याने माझ्याकडे पाहिले, किटली उचलली आणि बातमी घेऊन गल्लीत शिरला.

सर्वांत आधी हाबुल आला. त्याचा उजवा हात खरकटा होता. तो पानावरून उठला होता. हाबुलचे घराणे पद्मा नदीच्या मुलखातल्या, पूर्व बंगालमधल्या बरिशालचे. फाळणीत घरदार सोडताना त्याच्या आजोबांनी शेतीबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त पद्मेच्या माशांसाठी डोळे पुसले, असे त्याच्या घरात सांगतात.

"प्रतीमदा, हे तुम्ही म्हणालात? स्वतःच्या तोंडाने?"

"म्हणालो."

"माझे ठाकुरदा वरून ऐकत असतील!"

"त्यांनाही डोळे बांधून ओळखता आलं नसतं."

"फरक आहेच!" मागून पिकलूचा आवाज आला. त्याच्या सात पिढ्या गंगेच्या याच काठावर गेल्या. "पद्मेच्या माशाला नुसतं तेल. खरी चव आमच्या गंगेच्या माशाला."

हाबुल हळूच त्याच्याकडे वळला. "काय म्हणालास?"

त्यानंतर मला फारसे बोलावे लागले नाही. माणसे येत गेली. कोणीतरी कॅरम बोर्ड उचलून आणला, हाबुलने गोदामाच्या पहारेकऱ्याला विचारून तार ओढून दिवा लावला. पिकलूने डाव अर्धवट सोडून ओट्यावर मूठ आपटली. "बोलायचंच कशाला? उद्या दोन्ही मासे आणतो. बांधा डोळे!"

"उद्या?" हाबुल म्हणाला. "लक्ष्मीपूजा होऊन गेली. आमच्या घरात आता सरस्वतीपूजेपर्यंत इलिश येत नाही. तुला ठाऊक नाही?"

"म्हणजे माघापर्यंत थांबायचं?"

"थांबायचं."

"तोवर काय करायचं?"

"तोवर," मी म्हणालो, "बाजू मांडायच्या."

पंचांग मी अर्थातच आधी पाहिले होते. ज्या मताची परीक्षा घेता येत नाही त्याचा पुरस्कार करणे माझ्या पेशाला शोभत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु मी घरी परतलो तेव्हा काजरी दिवा मालवून झोपलेली होती. कानांत बोळे नव्हते आणि माकडटोपी खुंटीवर होती. कालीपूजेची एक रात्र फटाक्यांनी खाल्ली. ती आम्ही हिशेबात धरत नाही. बाकीच्या रात्री ती शांत झोपली.

भाईफोट्याच्या दिवशी तिचा भाऊ अंजनदा आला. तिने त्याला पाटावर बसवले, कपाळी चंदनाचा टिळा लावला आणि मिठाईचे ताट पुढे ठेवले. त्याने खिशातून किल्ली काढून ताटाच्या कडेला ठेवली.

"घे, अकरावा मजला. कधी हलताय?"

काजरीने किल्ली उचलली, क्षणभर तळहातावर तोलली आणि टेबलाच्या खणात टाकली. "राहू दे माझ्याकडे. सरस्वतीपूजेनंतर बघू."

"सरस्वतीपूजेनंतर? का गं?"

"तेव्हा इलिशचा निकाल लागेल." ती माझ्याकडे वळली. "मग पुढे काय, याचा विचार केलायस का सभापती?"

"करतोय."

"करतोय काय? सोपं आहे. रसगुल्ला मुळात ओडिशाचा, असं म्हण."

अंजनदाच्या हातातला रसगुल्ला तोंडापर्यंत पोहोचला नाही. "कोण म्हणतं?" तो पाटावरून अर्धा उठला. टिळा कपाळावरच्या आठीत गेला. "कोण म्हणतं ओडिशाचा? काजरी, तू? या बंगाली घरात बसून? प्रतीम, तुझं काय मत आहे ते आधी सांग!"

"पुरावा पाहता," मी आरंभ केला.

"पुरावा!" अंजनदा ओरडला.

काजरीने ताट त्याच्या हातात दिले, दाराची कडी काढली आणि गल्लीच्या तोंडाकडे बोट केले. "दोघंही छापखान्यावर जा. मला दुपारची झोप काढायची आहे."

आम्ही गेलो. हाबुलने आम्हाला दुकानातून जाताना पाहिले आणि विषय काय आहे ते न विचारताच शटर खाली ओढले.