काचेवरचं ऊन

मी बोलतेय ती मुलचेऱ्याहून. बियाण्यांच्या दुकानासमोर कडुनिंबाखाली उभी असते ती पांढरी, चार दारांची लहान गाडी म्हणजे मी. माझ्या पुढच्या बंपरला डाव्या बाजूनं एक पोचा आहे. येणारे-जाणारे विचारतात, "प्रवीणभाऊ, एवढं सरळ करून काऊन नाई घेत?" प्रवीण बियाण्याची पिशवी बांधत राहतो. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. माझ्यासारख्या पुष्कळ होत्या, रांगेत उभ्या, आणि एकीलाही नाव नव्हतं. मला आठवतं ते माजरीपासून. माजरीला कोळशाची खाण, आणि खाणीत गुणवंतराव इलेक्ट्रिशियन. क्वार्टरच्या दारात मला उभी केली तेव्हा त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, कुंकू लावलं आणि माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडत मी पहिल्यांदा पुढे गेले.

माजरीची हवा मोठी खोडकर. रात्री स्वच्छ निजावं, तर सकाळी अंगावर काळी भुकटी. गुणवंतराव कामावर निघण्याआधी बादली घेऊन यायचे. बाहेरची काच सगळेच पुसतात, पण ते आत बसून आतूनही पुसायचे. श्वासाची, धुळीची, उदबत्तीच्या धुराची एक पातळ साय आतून चढत असते. सावलीत ती दिसत नाही, समोरून ऊन आलं की सगळी उजळते, हे त्यांना ठाऊक होतं. मग बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. ब्रेक ऑइल, कूलंट, काचेच्या पाण्याची टाकी. मनकर्णाबाई दारातून म्हणायच्या, "एवढी माही तब्येत पाह्यली असती तं!" ते म्हणायचे, "तू बोलून सांगतं. हे थोडी बोलते?"

वयाबरोबर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. एका संध्याकाळी भद्रावतीहून परतताना समोरची बैलगाडी त्यांना अगदी जवळ आल्यावर दिसली. ब्रेक चांगले होते, म्हणून मी वेळेवर थांबले. गुणवंतरावांनी मला कडेला घेतलं आणि चावी फिरवून बंद केलं. "माह्या डोऱ्याचं आता खरं नाई," ते शेजारी बसलेल्या मनकर्णाबाईंना म्हणाले. ऑपरेशन होईपर्यंत आणि झाल्यावरही त्यांनी मला हात लावला नाही. मुलचेऱ्याला दुकान असलेल्या पुतण्याला, प्रवीणला, बोलावून चावी दिली.

प्रवीण वाईट माणूस नाही, हे आधी सांगून ठेवते. दुकानात इथं वसवलेल्या बंगाली लोकांच्या पाड्यांवरची, जंगलातल्या गावांची, सगळी गिऱ्हाइकं त्याला हक्कानं हाक मारायची. पण त्याच्या लेखी गाडी म्हणजे चालणारी वस्तू. चालतेय तोवर तिच्याकडे बघायचं कारण नाही. मागच्या सीटवर बियाण्यांची पोती. टायरची हवा कमी झाली की पंक्चरवाला सांगेल तेव्हा. टाकीतलं काचेचं पाणी संपलं ते संपलंच. त्याची बायको उर्वशी एकदा म्हणाली, "वायपर कोरडाच फिरून राह्यला, ओरखडे पडतील." "पावसाळ्यात पाहू," तो म्हणाला.

मोहफुलांचा हंगाम लागला होता. त्या सकाळी प्रवीण अहेरीला एका नात्यातल्या सोयरिकीच्या बैठकीला निघाला होता. एकटाच. मला हे नीट सांगायचंय, कारण पुढे लोकांनी काय काय जोडलं. फोन त्याच्या हातात नव्हता. तो प्यालेला नव्हता. वेगही रोजच्यापेक्षा जास्त नव्हता. 

लगाम नावाचं गाव मागे पडलं, जंगल दाट झालं, आणि एका वळणावर रस्ता थेट उगवतीकडे वळला. झाडांच्या वर नुकताच आलेला सूर्य समोरून माझ्या काचेवर पडला. आणि काच पांढरी झाली. रस्ता नाही, झाडं नाहीत, काही नाही. प्रवीणनं काचेवर पाणी मारायची दांडी ओढली. आत मोटर कोरडी घरघरली, पाणी आलं नाही. वायपरनं रात्रीचं दव आणि महिन्याभराची धूळ मिळवून काचेवर चिखल सारवला. 

त्या वेळी त्यानं फक्त पाय उचलायला हवा होता. थांबायला हवं होतं. पण माणूस तसं करत नाही. तो पुढे वाकतो, डोळे बारीक करतो आणि मनात म्हणतो, आत्ता दिसेल. प्रवीणही वाकला.

मग माझ्या डाव्या अंगाला काहीतरी लागलं. 

ब्रेक लागले तोवर होऊन गेलं होतं. इंजिन चालू होतं. रस्ता पुढे मोकळा होता, मागेही कुणी नव्हतं. प्रवीणचा हात गिअरवर गेला. पहिला गिअर पडला. क्लच त्यानं दाबूनच धरला होता. कुणी पाहिलं नव्हतं. अजून पाहिलं नव्हतं. तो तसा किती वेळ होता, मला सांगता येणार नाही. मग त्यानं गिअर काढला, चावी फिरवली आणि दार उघडून उतरला.

रस्त्याकडेला एक बाई पडली होती. सुकरी तिचं नाव, जवळच्याच गावची. एका बाजूची मोहफुलं वेचून ती दुसऱ्या बाजूच्या झाडाकडे जात होती. पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. ती ओरडत नव्हती, जमिनीला हात लावून बसायचं बघत होती. "उठू नको बाई," प्रवीण म्हणाला आणि तिच्या शेजारी खाली बसला.

झाडांखालून बायका धावत आल्या, पाठोपाठ सुकरीचा नवरा वारलू. त्यानं प्रवीणची कॉलर धरली. प्रवीणनं सोडवून घेतली नाही. "मले मंग मार," तो म्हणाला, "आंधी हिले दवाखान्यात नेऊ." फोनला रेंज नव्हती. बायकांनी फांद्या आणि लुगड्याची चिंधी घेऊन पाय बांधला, सगळ्यांनी मिळून तिला माझ्या मागच्या सीटवर आडवं केलं. वारलू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

प्रवीण स्टिअरिंगवर बसला, आणि पुन्हा उतरला. पिण्याच्या पाण्याची बाटली त्यानं माझ्या काचेवर ओतली आणि गळ्यातल्या दुपट्ट्यानं घासू लागला. वारलू आतून म्हणाला, "आता काय धुवून राह्यला?" 

प्रवीण घासत राहिला. काच साफ झाल्यावरच त्यानं मला हलवलं. मग थेट अहेरीचा दवाखाना.

सुकरीच्या पायात सळई बसली. प्रवीण स्वतःच पोलिसांत गेला आणि मी ठाण्याच्या आवारात जाऊन उभी राहिले. तिथं माझ्यासारख्या आणखी होत्या. एकीचं छप्पर सीटला टेकलं होतं, एकीच्या काचेला आतून डोक्याएवढी गोल जाळी पडली होती. बेल्ट मात्र जागच्या जागी, नव्यासारखा गुंडाळलेला. त्यांच्यातली एकही बोलत नव्हती. पावसाळा आला. माझ्या टायरांतली हवा गेली, उंदरांनी वायर कुरतडल्या, वायपरच्या खाचेत पानं कुजली.

पावसाळा उलटल्यावर एका दुपारी प्रवीण आला. सोबत त्याचा मेहुणा अजय. अजय हलक्या आवाजात समजावत होता, "बाई अचानक आडवी आली, एवढंच सांगा. झाडीतून आली. दुसरं काईच बोलू नका. कोन पाह्यलं?" प्रवीण माझ्या बॉनेटला टेकून ऐकत होता.

तेवढ्यात फाटकातून सुकरी आणि वारलू आले. तिलाही जबानीला बोलावलं होतं. बगलेत काठी, एकेक पाऊल जपून टाकत ती चालत होती. मला बघून ती थांबली. मग सरळ आमच्याकडे आली आणि प्रवीणसमोर उभी राहिली. रागात नव्हती. कितीतरी दिवस मनात धरलेलं विचारावं, तसं तिनं विचारलं.

"भाऊ, मी तुले दिसली नाई का?"

अजय म्हणाला, "बाई, ऊन होतं ना समोरून..."

"ऊन तं रोजच निंगते," सुकरी म्हणाली. ती प्रवीणकडेच बघत होती.

प्रवीणचा हात माझ्या बॉनेटवर होता. "काच घाण होती बाई," तो म्हणाला. "टाकीत पानी नोयतं. मले काईच दिसून नाई राह्यलं, तरी मी थांबलो नाई."

सुकरीनं माझ्या काचेकडे पाहिलं. तिच्यावर आता शेवाळ धरलं होतं. "मंग पुसाची होती," ती म्हणाली.

एवढंच. ती काठी टेकत आत गेली. प्रवीणही तिच्यामागून गेला आणि आत त्यानं तेच सांगितलं. अजय माझ्यापाशी डोकं धरून उभा राहिला.

कोर्टात प्रवीणनं गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली, लायसन्स काही महिने जमा झालं. विम्याचे कागद मुदतीत होते, सुकरीला त्यातून भरपाई मिळवून द्यायचं काम त्यानं स्वतः खेपा घालून पुरं केलं. सुकरीला पाय दाखवायला न्यायचं असलं की तो तिच्या गावी जाई. तिला गाडी ठरवून देतो म्हणाला, तर ती म्हणाली, "गाडीत मी बसत नाई." मग दोघं एसटीनं जात. वारलू आधी सोबत असे, नंतर नंतर नसे.

मी घरी आले तेव्हा गुणवंतराव माजरीहून मला बघायला आले. आल्या आल्या ते माझ्या चाकापाशी वाकले. "टायर पाह्यले का?" त्यांनी विचारलं. दोघांनी मिळून झिजलेले टायर काढले, स्टेपनीची हवा बघितली, वायपरची रबरं बदलली. काका बाहेरून काच पुसत होते आणि पुतण्या आतून. दोघांचे हात काचेच्या दोन बाजूंनी समोरासमोर फिरत होते.

लायसन्स परत मिळालं तरी प्रवीणनं मला लगेच बाहेर काढलं नाही. आधी दुकानापासून घरापर्यंत, मग बाजारापर्यंत. आता तो अहेरीला जातो. जंगलात शिरलं की वेग उतरवतो, ढोरं दिसली की थांबतो, ऊन समोर आलं की पायच उचलतो. मागून कुणी हॉर्न वाजवला तर वाजवू देतो.

पुन्हा मोहफुलं पडू लागली. काल सकाळी आम्ही त्याच रस्त्यानं येत होतो. दुरूनच रस्त्याकडेला सुकरी दिसली. पाय थोडा ओढत होती, डोक्यावर मोहानं काठोकाठ भरलेली टोपली. तिनं हात केला. प्रवीणनं मला कडेला थांबवलं.

"टोपली जड झाली," ती म्हणाली. "तेवढी घरापावत ने. मी पायीच येतो."

प्रवीणनं दार उघडलं, टोपली घेऊन पुढच्या सीटवर ठेवली आणि तिच्याभोवती बेल्ट लावला. सुकरीनं ते वाकून पाहिलं. हसली की नाही, मला नक्की सांगता येत नाही. मग ती चालू लागली.

प्रवीण तिला मागे टाकून सहज गेला असता. त्यानं चारही इंडिकेटर लावले आणि मला पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागे ठेवलं. 

वाचणाऱ्या माणसा, तुझी गाडी या वेळी कुठंतरी उभी असेल. तिच्यापुढून उद्या सकाळी कोण जाणार आहे, हे तिलाही माहीत नाही आणि तुलाही. निघण्याआधी एकदा उतरून बघ. दिसत नसेल तर थांब. माझं मागणं एवढंच आहे.

गाव येईपर्यंत आम्ही तसेच गेलो. आत मोहाचा वास भरला होता, आणि ती माझ्यापुढे एकेक पाऊल टाकत चालली होती, काचेतून अख्खी दिसत होती.