आत कुणीतरी आहे

ज्या कडीसाठी मी नऊ वर्षं घसा कोरडा केला, ती माझ्या नवऱ्याने घर सोडायच्या दिवशी सकाळी बसवली. मी उगाच त्यांचं नाव 'उद्या बघू' ठेवलेलं नाही. संध्याकाळी घरमालकीणबाई किल्ल्या घ्यायला येणार, म्हणून ही धावपळ. तोवर बाथरूमचं दार आतून लागतच नसे. जरा उचलून ढकललं की उघडायचं. त्यामुळे आमच्याकडे रीतच पडली होती, आत असलेल्याने खोकायचं.

दुपारी सासूबाई बाथरूम घासायला निघाल्या. नवं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे गेलेले. म्हणून त्यांनी नणंदेकडे राहायचं ठरलं होतं. ठरवलं आम्हीच, त्यांनी नुसती मान हलवली. तेव्हापासून कामाला अशा जुंपल्या होत्या की मला बघवेना.

"आई, बसा हो जरा."

"अजून हात धड आहेत माझे," म्हणाल्या, आणि पुसलेल्या खोल्यांत वास नको म्हणून दार लावून घेतलं.

मी ओट्यामागचा तेलकट थर खरवडत होते. तिकडून खोकला आला. आत कुणीतरी आहे, एवढंच मनात आलं आणि मी खरवडत राहिले. पुन्हा खोकला आला, बराच वेळ. मग बादली पडली, आणि मग काहीच नाही.

दाराशी गेले तर फटीतून येणाऱ्या वासाने डोळे झोंबले. अ‍ॅसिड आणि ब्लीच, दोन्ही बाटल्या दाराशेजारच्या कोपऱ्यातून गायब. एका औषधाने काही निघतं यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. दोन्ही एकत्र ओतली होती, आणि ती मिसळली की विषारी वायू होतो.

मी दार उचलून ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं.

"अहो, तुमची कडी!"

हे धावत आले, खांदा लावला. "पक्की बसवलीय गं," म्हणाले, आणि त्यांचा आवाजच चिरकला. मला त्यांचा इतका राग आला की मी रडायला लागले. "आई, ओ द्या ना." आतून ओ नाही.

तेवढ्यात माझी नजर खाली गेली. पाण्याने कुजलेली दाराची खालची फळी यांनी बदललीच नव्हती. मी बोट दाखवलं, यांनी लाथ घातली. तिसऱ्या लाथेला फळी तुटली. नाकाला ओला टॉवेल बांधून हे आत सरपटले, कडी काढली, आणि आईंना उचलून गॅलरीत आणलं.

समोरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी आईंचे डोळे धुतले, छाती तपासली, म्हणाल्या, "वेळेवर काढलंत. मोकळ्या हवेत बसवा, नंतर दवाखान्यात आणा." पहिल्याच खोकल्याला उठले असते तर, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

बऱ्याच वेळाने आईंनी तुटलेल्या दाराकडे बघितलं.

"आता दार बसेपर्यंत किल्ल्या देता येणार नाहीत, ना रे?"

"नाही."

"कधी बसवशील?"

"उद्या बघू," हे सवयीने बोलून गेले.

"सावकाश बसव," आई म्हणाल्या. "तेवढेच दिवस मी तुमच्यात."

मी नणंदेला फोन लावला आणि सांगितलं, आई येत नाहीत, आम्हीच तळमजल्यावर घर शोधतोय. मागून खोकला आला. मी फोन हातात घेऊनच धावले.