कान धरणारे आजोबा

खरं सांगायचं तर नातू केव्हाच रुळला होता. दशरथराव पेडणेकरांनाच त्या वर्गातून उठायचं नव्हतं.

जूनमध्ये पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या प्लेग्रुपात चंदनला घातलं, तेव्हा पोराने रडून सगळी बिल्डिंग डोक्यावर घेतली होती. मुलगा स्वप्नील आणि सून इशिता, दोघांचीही ऑफिसं. मग लॉरा टीचर म्हणाली, "आजोबा, चार दिवस तुम्हीच आत बसा. रुळला की जा." लॉरा तारोडी गावची. रोज बस पकडून मीरा रोडला यायची. मुलांशी इंग्रजी, त्यांच्या आयांशी हिंदी आणि दशरथरावांशी मराठी बोलायची. चार दिवस म्हणता म्हणता गणपती येऊन गेले, तरी आजोबा आपले लाल प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला टेकवून बसलेलेच.

त्यांचं तरी काय चुकलं? बायको, सुलू, गेल्यापासून घर नुसतं खायला उठायचं. सकाळी सगळे बाहेर पडले की फ्लॅटमध्ये फ्रिजचा आवाज तेवढा. कुणाशी दोन शब्द बोलावेत तर खालचा वॉचमन, तोही सारखा मोबाइलमध्ये. आणि इथे या एका खोलीत कोण मांडीवर चढतंय, कोण बुटाची पट्टी लावून घ्यायला पाय पुढे करतंय, कोण उगाचच येऊन "आजोबा" म्हणून पळून जातंय. माणसाला अजून काय लागतं हो?

तेव्हा आजोबा थोडी लबाडी करायचे. दारात पोहोचलं की चंदनसमोर उकिडवं बसून, गळा दाटून आल्यासारखं विचारायचे, "मी जाऊ का रे घरी?" असं विचारल्यावर कुठलं पोर जा म्हणेल? चंदन लगेच त्यांचा शर्ट पकडायचा. मग लॉराकडे बघून आजोबा हताश चेहरा करायचे, की बघा बाई, माझा नाइलाज आहे.

त्यात ते प्राण्यांचं निघालं आणि आजोबांचं चांगलंच फावलं. पुठ्ठ्याच्या नळ्यांचे प्राणी करायचे होते. लॉराने ग्रुपवर मेसेज टाकला, टॉयलेट पेपर संपला की आतली नळी फेकू नका, पाठवा. इशिताने मेसेज वाचला आणि कपाळाला हात लावला. "आपल्याकडे कुठून येणार नळी? आपण पाणी वापरतो." वर्गातल्या बहुतेक घरांत तीच कथा. दुसऱ्या दिवशी जमल्या त्या नळ्या टेबलाच्या एका कोपऱ्यात मावल्या.

दशरथराव उठले आणि स्टेशनजवळच्या कापडवाल्याकडे गेले. कापडाचा तागा संपला की आतली पुठ्ठ्याची नळी उरते. "भाईसाब, वो फेंकना मत, बच्चों के लिए चाहिए," असं सांगून त्यांनी चंदनपेक्षा उंच नळ्या उचलल्या. शेअर रिक्षात त्या मांडीवर आडव्या धरल्यावर बाकीचे प्रवासी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी बाल्कनीत बसून त्यांनी करवतीने त्यांचे वीतभर तुकडे केले. दोन दिवस तुळशीच्या कुंडीत भुसा सापडत होता.

मुलांनी त्या तुकड्यांना रंग फासले. कुणाचा वाघ निळा, कुणाच्या हत्तीला सोंड पाठीमागे. पण नळ्या होत्या लाकडासारख्या टणक. त्यांना कान वेगळे कापून चिकटवायला लागायचे, आणि फेविकॉल सुकेपर्यंत ते दाबून धरायला लागायचे. लहान मुलांना इतका धीर कुठला? मग ते काम आजोबांकडे आलं. मुलं आपापला प्राणी घेऊन रांगेत उभी राहायची, "आजोबा, माझ्या सशाचे," "आजोबा, माझे धरा." आजोबा दोन्ही हातांच्या चिमटीत कान धरून बसायचे आणि तेवढ्या वेळात त्या मुलाची सगळी हकिगत ऐकून घ्यायचे. कुणाच्या मम्मीला बरं नाही, कुणाकडे एसी आला. इतक्या वर्षांत त्यांची इतकी वाट कुणी बघितली नव्हती. घरी जाताना ते शिट्टी वाजवायचे.

आणि मग एका शुक्रवारी लॉरा भली मोठी पिशवी घेऊन आली. तिच्या मावसभावाची हॉटेलात नोकरी. त्याने तिथून नळ्या जमवून दिल्या होत्या, पातळ, मऊ, खऱ्या टॉयलेट रोलच्या. तिने एक नळी उचलली, वरची कड बोटाने एका बाजूने आत दाबली, मग समोरच्या बाजूने दाबली. दोन टोकं वर आली. झालं मांजर.

"बघा, कान आपोआप येतात. गोंद नको, काही नको," ती म्हणाली.

मुलं तुटून पडली. जिकडे तिकडे मांजरं. दशरथराव चिमट्या तयार ठेवून बसले होते, पण त्यांच्याकडे कुणी आलं नाही. त्यांनी एकदोघांना विचारलंसुद्धा, "तुझे धरू का रे?" मुलांनी माना हलवल्या आणि पुढची नळी घेतली.

लॉरा त्यांच्या शेजारी येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, आज ट्राय करूया? चंदन मस्त रुळलाय. बाकीचे पेरेंट्स पण विचारतात, आमचे आजोबा का नाही बसू शकत. मला उत्तर देता येत न्हाय हो."

दशरथराव उठले, चंदनजवळ गेले, उकिडवे बसले आणि नेहमीच्याच सुरात त्यांनी विचारलं, "मी जाऊ का रे घरी?" या वेळी मात्र ते सोंग नव्हतं.

चंदन मांजराला मिशा काढत होता. त्याने मान वर केली नाही. "जा," तो म्हणाला.

आजोबा चपला घालून निघाले. दोनदा मागे वळून बघितलं. घरी येऊन चहा टाकला, तो उतू गेला, पुन्हा टाकला आणि प्यायचा राहिला. मग ते पलंगावर, सुलू झोपायची त्या बाजूला बसले आणि चक्क रडले. त्या वर्गात परत जावं, कुणीतरी बोलवावं, कुणीतरी शर्ट धरावा, असं त्यांना इतकं वाटत होतं की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

चंदनला आणायला ते वेळेच्या बरेच आधी जाऊन गेटबाहेर उभे राहिले. पोरगा हसत बाहेर आला. वाटेत मांजर त्याने आजोबांना धरायलाही दिलं नाही.

संध्याकाळी इशिता ऑफिसातून आली ती खुशीतच. "बाबा, टीचरचा मेसेज आला. चंदन अजिबात रडला नाही म्हणे. सुटलात एकदाचे! सोमवारपासून व्हॅन लावते, म्हणजे तुमची ने-आण पण वाचली. किती महिने अडकून पडलात तुम्ही."

ती मनापासून बोलत होती, बिचारी. तिला वाटत होतं आपण सासऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवतोय. "बरं झालं," दशरथराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मलाही शाळेत पाठव, असं सुनेला कसं सांगायचं?

इशिता स्वयंपाकघरात गेली. चंदन सोफ्यावर चढून त्यांच्या मांडीवर येऊन बसला आणि त्यांचा चेहरा निरखायला लागला.

"आजोबा, तू घरी एकटा होतास?"

"हो."

"रडलास?"

नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण पोर इतकं जवळून बघत होतं की त्यांना खोटं बोलवेना. "थोडंसं," ते म्हणाले.

चंदनला त्याचं काही नवल वाटलं नाही. त्याने आपला रंगाने माखलेला पंजा त्यांच्या गालावरून फिरवला. "मी पण रडलो होतो," तो समजावत म्हणाला. "मग नाही रडलो."

ते 'मग' यायला त्याला किती दिवस लागले, हे दशरथरावांना विचारायचं होतं. पण तोवर चंदन मांडीवरून उतरून आत आईकडे पळाला होता.