वळणावरचा स्तूप

लाडकीने ढिगावरचा एक धोंडा उचलला आणि उताराला लोटून दिला. मग दुसरा. तुंगारेश्वरच्या रस्त्यावर तिच्या शेळ्या पांगल्या होत्या. तिसऱ्या धोंड्याला हात घालताच मागून चंद्रहास पेडणेकरांनी तिला हटकलं.

पेडणेकर बँकेतून निवृत्त झाले, एव्हरशाईन सिटीत राहायला आले आणि इतिहासाच्या मागे लागले. प्राचीन सोपारा बंदराचे व्यापारी डोंगर चढताना या वळणावर एकेक दगड वाहत, हा छोटा स्तूपच आहे, असा शोध त्यांनी एकट्याने लावला होता. पुरावा नव्हता, पण आवाज खणखणीत होता. तीन वर्षं दर रविवारी ते मंडळी घेऊन येत आणि प्रत्येकाला दगड वाहायला लावत. तरी ढीग काही वाढेना. आज चोर सापडला.

दोन हजार वर्षांचा ठेवा आहे, पोलिसांत देईन, असं ते बरंच बोलले. लाडकीने सगळं ऐकून घेतलं.

"आय हाय माजी खाली," ती म्हणाली.

ती लहान असताना रोगाने पाड्यावरची गुरं मेली होती. पाड्याने तिच्या आईला भुताळी, चेटकीण ठरवून इथेच धोंड्यांनी ठेचलं, आणि ती पुन्हा उठू नये म्हणून इथून जाणाऱ्या प्रत्येक गुराख्याने एक धोंडा टाकायची रीत पाडली.

"ते सगले मेले. रीत बी गेली. मी एकलीनं उपसून गुडघ्यापत आनला व्हता ढीग. तुमी परत चालू केलं, साहेब."

पेडणेकरांना मनापासून वाईट वाटलं. रविवारी सगळ्यांना खरं सांगतो, असा त्यांनी शब्द दिला.

रविवारी साठ माणसं आली. सोबत हार, फलक आणि एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. फलकावर 'स्तूपाचे संशोधक' म्हणून पेडणेकरांचं नाव ठळक रंगवलेलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घसा साफ केला आणि व्यापाऱ्यांपासून सुरुवात केली. मंडळी रांगेने दगड वाहू लागली. लाडकी शेळ्यांपाशी उभी होती.

फोटोत गावची बाई हवीच, म्हणत फोटोग्राफरने तिला पुढे आणलं आणि हातात दगड दिला. तिने पेडणेकरांकडे पाहिलं. साठ माणसंही त्यांच्याकडेच पाहत होती.

"टाक, बाई," पेडणेकर म्हणाले.

लाडकीने वाकून दगड हळूच ठेवला.

"डोळे मिटले तुमचे," फोटोग्राफर म्हणाला. "परत एकदा. आणि ठेवू नका, टाका."