कानशीचं की पाट्याचं

दादाचा हेका एकच, जुन्या कानशीचं स्टील. त्यात कार्बन भरपूर, धार लवकर हलत नाही. मी म्हणत होते, गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं घे. धार जरा आधी जाईल, पण पातं वाकेल, मोडणार नाही. गिऱ्हाईक होता डोंगरातला वाटाड्या. त्याला न मिटणारी, मुठीच्या टोकापर्यंत एकसंध पात्याची सुरी हवी होती. ती लाकडावर ठेवून तो वरून दगडाने ठोकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण नंतर मी मूग गिळून बसले. दादाने सांगून टाकलं होतं, "वाटाड्याला सुरी पटली, तर तो सगळ्या सोबत्यांसाठी करून घेईल, आणि मी राहीन. नाहीतर मी कारखान्यात नोकरी धरतो." बाबांमागे ही भट्टी आम्ही दोघांनी चालवली. घण त्याचा, घासकाम माझं. एकटीने मी काय, ऐरणीवर कपडे वाळत घालू? म्हटलं, घे बाबा तुझं कानशीचं.

घडवली मात्र झकास, खोटं का बोला. लाल तापवून कोमट तेलात बुडवली. यालाच आम्ही पाणी देणं म्हणतो. सुरी सरळ बाहेर आली, जराही बाक नाही. अशा वेळी पातं काचेइतकं ठिसूळ असतं. लगेच ओव्हनमध्ये मंद शेकलं की त्याचा ताण उतरतो, नाहीतर ते तडकू शकतं. ओव्हन तापून तयार होता.

आणि माझ्या जिभेला हाड नाही. "छान झालीय," मी म्हणाले, "पण पाट्याची असती तर मला निर्धास्त झोप लागली असती."

झालं. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझं एक तरी काम पटलंय का तुला आजवर?" मग बाबा निघाले, वहिनी निघाली, आईच्या आजारपणात कोण किती जागलं तेही निघालं. मीही काही कमी नाही, एकाला दोन ऐकवल्या. सुरी बाकावर पडलेली. सांडशी माझ्या हातात, ओव्हनच्या दाराची मूठ त्याच्या हातात. सुरी थंड पडतेय हे दोघांनाही दिसत होतं. पण कोणी हलेल तर शपथ.

टिंग, असा बारीक आवाज आला. सुरीला मुठीच्या बाजूपासून धारेपर्यंत तडा गेला होता.

"तुझंच खरं," दादा म्हणाला. "पाट्याचं घ्यायला हवं होतं."

"स्टीलचा काही दोष नाही रे. असं ताटकळत ठेवल्यावर पाट्याच्या पात्याचाही भरवसा नाही. दुसरी करू. कानशीचीच कर."

"स्टीलचा दोष नाही, ते मलाही माहितेय." त्याने ओव्हन बंद केला. "दार मी उघडलं नाही."

मी सांडशी बाकावर ठेवली.

"कारखान्याला मी मागच्याच आठवड्यात हो म्हटलंय," तो म्हणाला. "तुला सांगायचं कसं, तेच कळत नव्हतं."

आणि त्याने राहावं म्हणून मी इतके दिवस जीभ चावून त्याच्या स्टीलला हो म्हणत होते.